नवरा संपावर, भाऊ सबस्टेशनवर

पत्र

वकीलताई, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते आहे. नाव छापू नका. माझे मिस्टर महावितरणमध्ये वरिष्ठ तंत्रज्ञ आहेत, अठरा वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ त्याच उपविभागात सबस्टेशनवर यंत्रचालक आहे, पण एजन्सीकडून, म्हणजे आउटसोर्स. कृती समितीनं तीन दिवसांच्या संपाची नोटीस दिली आहे. मिस्टर म्हणतात, मी जाणारच. भावाला एजन्सीच्या सुपरवायझरनं सांगितलंय, संपावर गेलास तर परत यायचं नाही. कुणी म्हणतं मेस्मा लागलाय, घरातून उचलून नेतील. कुणी म्हणतं आउटसोर्सला मेस्मा लागतच नाही. दाजी-मेहुणे एका ताटात जेवणारे, आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. त्यात माझे सासरे घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. लाइट गेली की माझ्या पोटात गोळा येतो. घरचाच माणूस संपावर असताना लाइट गेली तर मी कुणाला बोल लावू? मिस्टरांना तुरुंगात टाकतील का? भावानं काय करावं? आणि आम्ही बायकांनी बचतगटातून संपाला वर्गणी द्यायचं ठरवलंय, त्यात काही वावगं आहे का?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तुमच्या एका घरात या प्रश्नाच्या तिन्ही बाजू बसल्या आहेत. संपावर जाणारा, जाऊ न शकणारा आणि ज्याच्यासाठी वीज सतत सुरू राहायला हवी असा. कोर्टात मला या तीन बाजू नेहमी वेगवेगळ्या वकिलांकडे दिसतात. तुम्हाला त्या एकाच चुलीवर सांभाळायच्या आहेत.

आधी मेस्माची भीती जागेवर आणू. त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम. हा कायदा पुस्तकात असतो, पण तो आपोआप कुणाला 'लागत' नाही. अमुक सेवेत अमुक काळापर्यंत संपाला मनाई, असा सरकारचा लेखी आदेश निघावा लागतो. त्या आदेशात सेवेचं नाव असतं, मुदत असते, आणि तो जाहीर केलेला असतो. तेव्हा 'मेस्मा लागलाय' असं जो कुणी सांगेल त्याला एकच विचारायचं, आदेश दाखवा. कार्यकारी अभियंत्याचं इशारावजा परिपत्रक म्हणजे मेस्माचा आदेश नव्हे. व्हॉट्सॲपवर फिरणारा जुन्या संपाच्या वेळचा फोटो तर नव्हेच, आणि असे फोटो दर संपाच्या आधी फिरतातच. तारीख बघा, सेवेचं नाव बघा, सही कुठल्या विभागाची आहे ते बघा.

पण आज आदेश नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. तो अगदी काठावर येतो. २०२३च्या जानेवारीत अदानी कंपनीच्या समांतर वीज परवान्याविरुद्ध राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला होता. संप सुरू होण्याच्या तोंडावर सरकारनं मेस्मा लावला. ४ जानेवारीला ऊर्जा खातं सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीसांबरोबर बैठक झाली आणि त्याच दिवशी संप मागे घेतला गेला. त्याच वर्षी १४ मार्चला जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, आणि मेस्माचं नवं विधेयक विधानसभेत चर्चेविना मंजूर झालं तेही त्याच दिवशी. म्हणून मिस्टरांना सांगा, संपाच्या आदल्या संध्याकाळी आणि संप चालू असतानासुद्धा, आदेश निघाला का याची खात्री युनियनच्या कार्यालयातून करून घ्या. कारण आदेश निघाला की तोवर सगळ्या नियमांत बसणारा संपही त्या क्षणापासून बेकायदा ठरतो. संपावर असलेल्याला विनावॉरंट अटक होऊ शकते आणि वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

या कायद्यातला 'संप' आपण समजतो त्याहून मोठा आहे. केंद्रानं १९८१ साली याच धर्तीचा अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे एस्मा, केला, त्यात सेवा चालू ठेवायला गरजेचा असलेला ओव्हरटाइम नाकारणं हादेखील संपच धरला होता. काम मुद्दाम रेंगाळवणंही त्यातच आलं. राज्यांचे कायदे त्याच साच्यातले आहेत. त्याच कायद्यात बेकायदा संपाला पैसे पुरवणं हा वेगळा गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा नुसत्या संपकऱ्यापेक्षा जड होती. संपकऱ्याला सहा महिने, पैसे पुरवणाऱ्याला एक वर्ष. म्हणून बचतगटाच्या वर्गणीचं आत्ताच सांगून टाकते. देऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. पण बचतगटाच्या वहीत 'संप निधी' अशी नोंद आणि खाली पंधरा बायकांच्या सह्या, हा कागद उद्या कुणाच्याही हातात पडू शकतो, आणि त्यातल्या निम्म्या बायकांना आपण कशावर सही केली हेही माहीत नसेल. गटाचं बँक कर्जही त्याच वहीवर चालतं. एखाद्या घरी पगार कापला गेला आणि अडचण आली, तर त्या बाईला गटाच्या नेहमीच्या नियमानं कर्ज द्या. त्याला कुणाची हरकत नाही.

आता तुमच्या मिस्टरांचं. आदेश नसताना त्यांचा संप कायदेशीर आहे का, हे नोटिशीच्या तारखेवर ठरतं. पूर्वी १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वीज, पाणी, रेल्वे, टपाल, सार्वजनिक स्वच्छता अशा सेवांना 'लोकोपयोगी सेवा' म्हणत, आणि नोटीस दिल्याशिवाय संप नाही ही अट मुख्यतः त्यांच्यापुरती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ती अट सगळ्याच आस्थापनांना आली. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही. नोटिशीत लिहिलेल्या तारखेआधी करता येत नाही. समेटाची कार्यवाही चालू असताना करता येत नाही आणि ती संपल्यावर पुढचे सात दिवसही नाही.

समेटाचा मुद्दा मी पुन्हा सांगते, कारण इथंच बहुतेक माणसं फसतात. संपाची नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्यानं पहिली बैठक घेतली की समेट सुरू झाला असं धरलं जातं. म्हणजे संपाच्या आदल्या दिवशी कामगार उपायुक्तांनी दोन्ही बाजूंना बोलावून चहा पाजला, तरी दुसऱ्या दिवशीचा संप अडकला. मिस्टरांनी युनियनला दोन कागद मागावेत. पोच घेतलेली संपाची नोटीस, आणि समेटाच्या बैठकीचं पत्र आलं असल्यास ते. अठरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे दोन कागद मागायचा पूर्ण हक्क आहे. कृती समितीचे पुढारी चांगले असतील, तर त्यांना राग येणार नाही.

'संप नको, सगळे मिळून रजा टाकू' असा तोडगा कुणीतरी काढेलच, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काढतोच. नव्या संहितेनं ती वाट बुजवली आहे. एका दिवशी पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी किरकोळ रजा टाकली तर तो संपच.

बेकायदा संपाबद्दल या संहितेत हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरीही, ताई, माझ्या सव्वीस वर्षांच्या वकिलीत मी संपकऱ्यांची घरं कैदेपेक्षा दुसऱ्याच गोष्टींनी मोडताना पाहिली. निलंबन, लांबची बदली, सेवापुस्तकातली लाल शाईची नोंद. आणि पगार. संपाच्या दिवसांचा पगार मिळणार नाही हे धरूनच चाला. संप कायदेशीरही हवा आणि न्याय्यही हवा, दोन्ही असेल तरच पगाराचा हक्क सांगता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली सिंडिकेट बँकेच्या खटल्यात ठरवून दिलं आहे. शिवाय दहा किंवा जास्त जण मिळून, ठरलेली नोटीस न देता गैरहजर राहिले, तर आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची तरतूद वेतन कायद्यात आहे. हा हिशेब संपाआधी घरात मांडा. सासऱ्यांचं औषध, पोरांची फी, सोसायटीचा हप्ता, सगळं त्यात धरा.

नोकरीच जाईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न पत्राच्या ओळींमध्ये मला दिसला. नुसता बेकायदा संपात भाग घेतला म्हणून माणूस आपोआप बडतर्फ होत नाही. चौकशी व्हावी लागते, त्याचा स्वतःचा दोष दाखवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या गुजरात स्टील ट्यूब्ज खटल्यातल्या १९७९च्या निकालापासून हे तत्त्व उभं आहे. समेट चालू असताना त्याच वादाशी जोडलेल्या गैरवर्तनावरून शिक्षा करायची, तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. पण तामिळनाडूत २००३च्या जुलैत काय झालं तेही तुम्हाला ठाऊक असावं. तिथं संपावर गेलेल्या जवळजवळ पावणेदोन लाख सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांना सरकारनं एका फटक्यात काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या बहुतेकांना परत घ्यायला लावलं, पण बिनशर्त माफी लिहून घेऊन, आणि सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कुठलाच हक्क नाही असं बजावून. तो निकाल मला आजही खुपतो. संप हा मूलभूत हक्क नाही हे न्यायालय १९६२ पासून सांगत आलं आहे आणि ते मी मान्य करून चालते. पण ज्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही त्यांना नीतीचाही हक्क नाही, हे मला आजवर पटलेलं नाही.

इथं थोडं मागे जाते. ही गोष्ट जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या नागपुरातून जातो. १९६०च्या जुलैत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. सरकारनं अत्यावश्यक सेवा राखण्याचा वटहुकूम काढला. टपाल-तार खात्यातल्या एका कर्मचाऱ्यानं नागपूरच्या पोस्टमास्टर जनरलविरुद्ध लढत तो प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला आणि तो हरला. वटहुकूम वैध ठरला. मेस्मा-एस्माचा कायदेशीर पाया म्हणून आम्ही वकील आजही त्या निकालाकडे बोट दाखवतो. पण त्याच संपाच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९६६ साली केंद्र सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. पगार, कामाचे तास आणि रजा या बाबतींत एकमत झालं नाही तर वाद लवादाकडे न्यायचा, अशी सोय त्यात ठेवली. संपाचं हत्यार बोथट केलं, तर बदल्यात ऐकून घेणारं एखादं दार उघडावं लागतं, एवढं तेव्हाच्या सरकारला कळलं होतं.

जगभर हेच तत्त्व मानलं जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत अत्यावश्यक सेवा म्हणजे जी थांबली तर लोकांच्या जिवाला, सुरक्षिततेला किंवा आरोग्याला धोका होतो ती. दवाखाने, वीज, पाणी, अग्निशमन तिथं अत्यावश्यक धरले आहेत. या सेवांत संपावर बंधन घालता येतं, असं ती संघटना म्हणते, आणि त्यालाच जोडून म्हणते की मग त्या कामगारांना निःपक्ष आणि झटपट समेट आणि लवाद मिळालाच पाहिजे. संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांबद्दलचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे तिचे करार भारतानं अजून स्वीकारलेले नाहीत. आपल्या मेस्मात पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही. संपाला मनाई करणारा आदेश एका सहीनं निघतो. पण त्या आदेशाबरोबर, इतक्या दिवसांत तुमच्या मागण्यांवर लवाद बसेल, असं एकही वाक्य येत नाही. मला या कायद्याबद्दल सगळ्यात जास्त काही म्हणायचं असेल तर ते हेच. वीज अत्यावश्यक आहे हे मला मान्य आहे, तुमच्या सासऱ्यांमुळे तर जास्तच मान्य आहे. पण जी सेवा थांबली तर माणूस मरू शकतो, तिच्या कामगाराची मागणी वर्षानुवर्षं फायलीत कशी पडून राहू शकते? मिस्टरांच्या युनियनला माझा हा निरोप द्या. मागणीपत्रात पगार आणि रिक्त जागांच्या जोडीला, 'ठरावीक मुदतीत लवाद' ही मागणी पहिल्या क्रमांकावर लिहा. त्यासाठी द्वारसभा घ्या, काळ्या फिती लावा, सुट्टीच्या दिवशी धरणं धरा. शांततेनं निदर्शनं करण्याचा हक्क न्यायालयानं राखलेला आहे, फक्त ती कामाच्या वेळेबाहेर करा.

आणि मिस्टर गेलेच, तर एवढं पाळायला लावा. पाळी अर्ध्यावर सोडायची नाही. बदली माणूस येऊन लॉगशीटवर सही करेपर्यंत हलायचं नाही. सबस्टेशनच्या किल्ल्या घरी आणायच्या नाहीत. चालू फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून गावांकडे जाणाऱ्या लाइनला, हात लावायचा नाही, कुणी सांगितलं तरी नाही, मस्करीतही नाही. विजेच्या यंत्रणेची नासधूस झाली तर तो विषय संपाचा राहत नाही. १९८४च्या सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ग्रुपवर दुसऱ्यांना चिथावणारे मेसेज पुढे पाठवायचे नाहीत. आणि कोरं किंवा न वाचलेलं हमीपत्र कुणी पुढं केलं, तर त्यावर सही नाही.

आता भाऊ. ताई, मला खरी काळजी त्याचीच वाटते.

'आउटसोर्सला मेस्मा लागत नाही' हे खरं धरू नका. हे कायदे सेवेकडे बघतात. त्या सेवेत काम करणारा कुणाच्या मस्टरवर आहे, हे सरकार आदेश काढताना बघत बसत नाही. २०१८च्या मार्चमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना मेस्मा लावला होता. त्यांना सरकारी कर्मचारी म्हणायला सरकार तयार नव्हतं, पगाराऐवजी मानधन देत होतं, आणि संपाचा प्रश्न आला तेव्हा मात्र त्यांची सेवा अत्यावश्यक ठरली. विधिमंडळात एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. तुमचा भाऊ त्याच जागेवर उभा आहे. फरक इतकाच, की त्याच्यासाठी विधानसभा बंद पाडायला कुणी उठेल याची मला खात्री नाही.

उत्तर प्रदेशात २०२३च्या मार्चमध्ये वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला. तीन दिवसांच्या आत हजाराच्या वर कंत्राटी कामगारांना काढल्याच्या बातम्या आल्या. कायम कर्मचाऱ्यांवर निलंबन, गुन्हे अशा कारवाया झाल्या, पण सरसकट हकालपट्टीचा घाव आधी कंत्राटी माणसावर पडला. त्याला काढायला चौकशी लागत नाही असं मानलं जातं, एजन्सीला एक फोन पुरतो. कायद्यानं तो फोनही चुकीचा असू शकतो, लढताही येतं, पण लढायचे महिने घरात काय शिजवायचं, याचं उत्तर कायदा देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. संपाच्या नोटिशीत आउटसोर्स कामगारांच्या मागण्या नसतील, आणि त्यांची संघटना त्या नोटिशीवर सही करणाऱ्यांत नसेल, तर भावानं जाऊ नये. ज्या भांडणात त्याचं नावच नाही, त्याची किंमत त्यानं का मोजावी? दोन्ही गोष्टी असतील, तर निर्णय त्याचा. तोही एकट्यानं घेऊ नये. त्याच्यासारखे बाकीचे यंत्रचालक काय करतात ते बघून घ्यावा.

पण कामावर राहिला म्हणजे तो सुखरूप, असंही नाही, ताई. संपाच्या दिवसांत कामावर राहिलेल्या पोरांचं काय होतं ते मी पाहिलं आहे. कंपनी कुठली, जिल्हा कुठला ते सांगत नाही. एजन्सीचा एकवीस वर्षांचा मुलगा, काम सबस्टेशनचं. कायम माणसं संपावर. रात्री एक गाव अंधारात गेलं आणि वरून फोन आला, 'जा, डीपीवर जंपर तुटलाय, जोडून टाक.' लाइन बंद करून दिलेली लेखी परवानगी, म्हणजे परमिट नाही, अर्थिंग नाही, बरोबर दुसरा माणूस नाही. लाइन मेलेली आहे म्हणून पोरगा चढला. गावात एका दुकानदारानं बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर लावला होता. त्याचा करंट उलटा लाइनवर आला. पोरगा वाचला. उजवा हात कोपरापासून गेला. पुढं भरपाईच्या दाव्यात एजन्सी म्हणाली, खांबावर चढायला आम्ही सांगितलं नव्हतं. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूसच नाही. फोन कुणी केला ते कुणालाच आठवेना आणि लॉगशीट कोरी होती. दावा आम्ही जिंकलो, चार वर्षांनी. त्याची आई निकालाच्या दिवशी माझ्या टेबलासमोर बसून होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

भावाला हे वाचून दाखवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांप्रमाणे लाइनवर आणि उपकरणांवर काम करणारी माणसं नेमून दिलेली असावी लागतात, आणि कोण कशासाठी नेमलेला आहे याची नोंदवही ठेवावी लागते. त्यानं आजच विचारावं, या वहीत माझं नाव आहे का, आणि कोणत्या कामासाठी? नाव फक्त सबस्टेशनच्या ऑपरेशनसाठी असेल, तर संपाच्या रात्री कुणीही सांगितलं तरी खांबावर चढायचं नाही. नाही म्हणताना भांडू नये. 'साहेब, माझं नेमून दिलेलं काम हे नाही, परमिट आणि लाइनमन मिळाला की मी इथून फीडर बंद करून देतो' एवढं बोलावं, आणि वेळ, फोन करणाऱ्याचं नाव आणि सांगितलेलं काम, तिन्ही लॉगशीटवर उतरवून ठेवावं. पाळीच्या शेवटी त्या पानाचा फोटो काढावा. सलग दोन-तीन पाळ्या करायला लावल्या तर तेही त्याच पानावर. डुलकीत ऑपरेशन चुकलं तर खांबावरचा माणूस जातो, हे त्याला मी सांगायची गरज नाही.

दुसरं काम कागदांचं, आणि ते संपाच्या आधी उरकायचं. नेमणूकपत्र आहे का? नसेल तर मागायचं, नव्या कामगार संहितांप्रमाणे मालकानं ते द्यायचंच आहे. पीएफचं पासबुक उघडून बघायचं, पगारातून कापलेले पैसे खरंच भरले जातात का. ईएसआयचा नंबर, पगाराच्या स्लिपा, हजेरीचे फोटो, सगळं एका पिशवीत. एजन्सीनं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे आणि नव्या कामगार संहितांतही राहिलं आहे. सुपरवायझर तोंडी धमकी देतो तेव्हा तीही तारीख घालून डायरीत लिहून ठेवावी. आणि कायम कामगारांच्या युनियनला तुमच्या मिस्टरांनी एक प्रश्न जाहीर सभेत विचारावा. आमच्या शेजारी, आमच्याच सबस्टेशनवर, आमच्याहून कितीतरी कमी पगारात उभ्या असलेल्या पोरांचं नाव आपल्या मागणीपत्रात कितव्या पानावर आहे? अठरा वर्षं नोकरी झालेल्या माणसानं उठून हे विचारलं तर त्याचं वजन पडतं. दाजी-मेहुण्यांमधला अबोला मिटायला माझ्या पत्रापेक्षा हा एक प्रश्न जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

त्या अबोल्याबद्दल इतकंच. भाऊ कामावर राहिला तर तो फितूर नाही. मिस्टर संपावर गेले तर ते बेजबाबदार नाहीत. एकाला युनियनचं छत्र आहे, दुसऱ्याला नाही. मिस्टरांच्या तोंडून संपाच्या दिवसांत भावाबद्दल वावगा शब्द निघाला तर तुम्ही मध्ये पडा. संप तीन दिवसांचा आहे, ते नातं जन्माचं आहे.

राहिले सासरे. चंदीगडमध्ये २०२२च्या फेब्रुवारीत वीज कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा शहराचे मोठे भाग अंधारात गेले, सरकारी दवाखान्यातली ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. घरात मशीनवर असलेल्या म्हाताऱ्यांची मोजदाद कुणी केली नाही. म्हणून तुमची तयारी तुम्ही करा. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट ओढतं, म्हणजे १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवरचा इन्व्हर्टर तीन-साडेतीन तास निघेल, त्यापुढं नाही. इन्व्हर्टरला पंखा, टीव्ही काही जोडू नका. ऑक्सिजनचा एक बी टाइप सिलिंडर घरात भरून ठेवा, मिनिटाला दोन लिटरच्या प्रवाहावर तो बारा तासांच्या आसपास पुरतो. प्रवाह किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिलिंडरच्या खोलीत उदबत्ती, गॅस काही नको, तो भिंतीला साखळीनं बांधा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या, की या ग्राहक क्रमांकावर घरी ऑक्सिजनचा रुग्ण आहे, आणि पोच घ्या. तक्रारीचा १९१२ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जनरेटर चालू स्थितीत आहे का, ते एकदा जाऊन बघून या. वेळ आलीच तर कुठं न्यायचं ते आधीच ठरलेलं असावं.

आणि सिलिंडर संपाच्या आदल्या दिवशी आणायला जाऊ नका, तेव्हा रांग असेल. या रविवारीच आणा. तो जड असतो, एकट्याला झेपत नाही. दाजी-मेहुण्यांना दोघांनाही मोटारसायकलवर पाठवा.